मोसुलला न गेलेली पलटण

परराष्ट्र धोरण म्हटले की आपल्याकडची माणसे हात झटकतात. ते दिल्लीचे काम. आपण आपले पाऊसपाणी पाहावे, तुरीचा भाव विचारावा, असे म्हणून विषय बदलतात. मीही अनेक वर्षे त्यांतलाच होतो. 2003 सालच्या जून महिन्यात मात्र नांदेडहून लातूरला येताना एस.टी.त माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. लोहा मागे पडले होते, अहमदपूर यायचे होते. माझ्या हातातले वर्तमानपत्र त्या बराच वेळ निरखीत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "दादा, ते इराक कुठं आलं हो? लेकरू फौजेत हाय माझं. तिकडं धाडणार म्हणतेत. खरं हाय का?"

"अजून ठरलं नाही, मावशी," मी म्हणालो.

"मग ठरवणार कोण?"

सरकार ठरवील, असे मी सांगितले. उत्तर चूक नव्हते, पण अगदीच अपुरे होते. अहमदपूरला त्या उतरून गेल्या आणि तो प्रश्न माझ्याजवळ राहिला. वाचकहो, त्या दिवशी गाडीत जे सांगता आले नाही ते इथे सांगण्याचा प्रयत्न करतो.

आधी प्रसंग काय होता तो पाहू. 20 मार्च 2003 रोजी अमेरिकेने ब्रिटन आदी मित्रांना बरोबर घेऊन इराकवर हल्ला केला. 9 एप्रिलला बगदाद पडले. राजधानी घेणे तीन आठवड्यांत आटोपले, पण घेतलेला देश सांभाळणे हे निराळे काम. त्याला माणसे लागतात, पुष्कळ लागतात. म्हणून अमेरिकेने निरनिराळ्या देशांकडे सैन्य मागितले. भारताकडे मागणी होती ती एका पुऱ्या डिव्हिजनची, म्हणजे 17 हजारांच्या आसपास सैनिकांची. त्यांनी इराकचा उत्तर भाग, मोसुलच्या बाजूचा मुलूख सांभाळावा, असा बेत वर्तमानपत्रांतून येत होता. जूनमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे अधिकारी दिल्लीला येऊन बोलणी करून गेले. तेव्हा गाडीतल्या बाईंची भीती काही उगीच नव्हती.

ठरवणारे होते पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी आणि त्यांच्या मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती. आणि इथेच खरी गुंतागुंत आहे. कारण वाजपेयींची आजवरची भाषणे ज्याने वाचली होती त्याला वाटले असते की, हा माणूस 'हो' म्हणणार.

असे का वाटावे? थोडे मागे जाऊ. वाजपेयी 1957 साली पहिल्यांदा लोकसभेत आले तेव्हापासून परराष्ट्र व्यवहार हा त्यांचा आवडता विषय. ते ज्या जनसंघाचे होते तो पक्ष पंडित नेहरूंच्या अलिप्ततेवर कडाडून टीका करी. चीनवर भोळा विश्वास ठेवला, तिबेट हातचे घालवले, शस्त्रबळाकडे दुर्लक्ष केले, हे त्यांचे नेहमीचे आरोप. 1962 नंतर त्या आरोपांना धार आली. ऑक्टोबर 1964 मध्ये चीनने अणुस्फोट केला तेव्हा आपणही बाँब करावा असे जनसंघ उघड म्हणू लागला. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडावेत ही मागणीही याच पक्षाची. साम्यवादाला विरोध होताच. बळकट सैन्य, अणुबाँब, इस्रायलशी मैत्री, कम्युनिस्ट सत्तांविषयी संशय, हा सगळा संच एकत्र ठेवला म्हणजे चित्र कोणते दिसते ते मनात धरा. पुढे त्याच्याशी काम आहे.

मग 1977 साल उजाडले. जनता पक्षाचे सरकार आले आणि वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले. आता मॉस्कोशी बिनसणार, असे सर्वांना वाटले. झाले उलटेच. एप्रिलमध्येच सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको दिल्लीला आले आणि मैत्री कायम राहिली. इस्रायलच्या बाबतीत तर वाजपेयींनी जाहीर सभेत सांगितले की, अरबांची बळकावलेली जमीन इस्रायलने खाली केली पाहिजे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुपचूप भारतात येऊन पंतप्रधान मोरारजी देसाई आणि वाजपेयी यांना भेटून गेले. पण संबंध काही जुळले नाहीत. 1979 च्या फेब्रुवारीत वाजपेयी चीनला गेले. ज्या चीनवर आयुष्यभर तोफ डागली तिथेच हात पुढे करायला! ते तिथे असतानाच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला आणि त्यांना दौरा आवरून परतावे लागले, ही गोष्ट वेगळी.

त्यांनीच पुढे लोकसभेत सांगितलेली एक आठवण आहे. परराष्ट्रमंत्री झाल्यावर साऊथ ब्लॉकमधल्या भिंतीवर एक जागा त्यांना रिकामी दिसली. तिथे पूर्वी नेहरूंची तसबीर असे. नव्या साहेबांना आवडणार नाही या हिशेबाने कोणीतरी ती काढून ठेवली होती. वाजपेयींनी विचारणा केली आणि तसबीर पुन्हा जागेवर आली. हाताखालच्या माणसांनी साहेबांची भाषणे वाचली होती. साहेब मात्र खुर्चीवर बसल्यावर काय करतील याचा अंदाज त्यांना आला नव्हता.

1998 साली ते पुन्हा सत्तेवर आले. मे महिन्यात पोखरणचे स्फोट झाले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी कारण म्हणून चीनकडे बोट दाखवले. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला जाऊन भारत आणि अमेरिका हे 'स्वाभाविक मित्र' आहेत, असे ते म्हणाले. 2001 च्या मे महिन्यात बुश यांनी क्षेपणास्त्रविरोधी कवचाची योजना मांडली तेव्हा अमेरिकेचे जुने दोस्तही कुरकुरत होते. भारताने मात्र लगेच स्वागताचा सूर लावला. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तर सर्वतोपरी साहाय्याची तयारी दाखवली. एवढे सगळे झाल्यावर अमेरिकेत कोणाला वाटले की, इराकसाठी भारत सैन्य देईल, तर त्यांना वेडे कसे म्हणावे?

आता अमेरिकेत असे वाटणारे हे लोक कोण, ते समजून घेतले पाहिजे. इराकच्या युद्धामागे त्या सरकारातला एक विशिष्ट विचारांचा गट होता. त्यांना 'निओकॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणतात. आपण नवरूढिवादी म्हणू. नावावरून वाटते की, हे जुन्या चालीरीती सांभाळणारे कर्मठ लोक असतील. तसे मुळीच नाही. या विचारांची मुळे डावीकडे आहेत, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात 1930 च्या दशकात गरीब स्थलांतरित घरांतली हुशार पोरे शिकत होती. जेवणघराच्या एका कोपऱ्यात स्टालिनचे भक्त बसत, दुसऱ्या कोपऱ्यात त्याचे डावे विरोधक. या दुसऱ्या कोपऱ्यातला आयर्व्हिंग क्रिस्टल पुढे या पंथाचा आचार्य ठरला. ट्रॉट्स्कीच्या बाजूने सुरुवात करून, सोव्हिएत हुकूमशाहीचा वीट येऊन, ही मंडळी हळूहळू उजवीकडे सरकली. 1970 च्या दशकात हेन्री जॅक्सन या सिनेटरभोवती त्यांतले काही जमले. रशियाशी नमते घेऊ नका, हा त्यांचा धोशा. पॉल वुल्फोवित्झ हे त्याच परंपरेतले. 2001 ते 2005 या काळात ते अमेरिकेच्या संरक्षण खात्यात दुसऱ्या क्रमांकावर होते, आणि इराकच्या युद्धाचा आग्रह धरणाऱ्यांत आघाडीवर.

यांचे म्हणणे थोडक्यात असे. एखादा देश बाहेर कसा वागतो हे त्याच्या घरात कशी राजवट आहे त्यावर ठरते. हुकूमशाही घरात असेल तर शेजाऱ्याला उपद्रव होणारच. म्हणून अमेरिकेने आपले बळ नुसते राखून ठेवू नये, ते वापरून जुलमी राजवटी पाडाव्यात आणि तिथे लोकशाही आणावी. संयुक्त राष्ट्रांची परवानगी मिळाली तर उत्तम, न मिळाली तर तिच्यावाचून. यांतल्या काहींनी जानेवारी 1998 मध्येच क्लिंटन यांना जाहीर पत्र लिहून सद्दाम हुसेन यांना हटवण्याची मागणी केली होती. न्यूयॉर्कवरचा हल्ला त्यानंतर साडेतीन वर्षांनी झाला, हे ध्यानात ठेवा.

या विचारात तथ्य काहीच नव्हते असे मला वाटत नाही. सद्दामची राजवट क्रूर होती, आणि जुलूम हा त्या देशाचा घरगुती मामला म्हणून सोडून द्यावा, हे आपण हैदराबाद संस्थानातून आलेल्या लोकांनी तरी म्हणू नये. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचा वकील पॅरिसला सुरक्षा समितीपुढे आपली तक्रार मांडत होता आणि इकडे नांदेडला, लातूरला माणसे भारताची फौज कधी येते याची वाट पाहत होती. तरी फरक आहे, आणि तो मोठा आहे. इथली चळवळ इथल्या माणसांची होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे तुरुंगात गेलेली पोरे खेड्यापाड्यांतली होती. बाहेरून आलेल्याने राजवट पाडणे सोपे असते, त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात उभे कोणी राहायचे हा अवघड भाग. नवरूढिवाद्यांच्या पोथीत या सकाळविषयी फार कमी लिहिलेले होते. ती सकाळ सांभाळायलाच तर आपली पोरे हवी होती.

अमेरिकेतले सगळेच उजवे लोक या मताचे नव्हते. थोरल्या बुशांचे सुरक्षा सल्लागार ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी ऑगस्ट 2002 मध्येच वर्तमानपत्रात लेख लिहून सद्दामवर चाल करू नका, असे बजावले होते. जुनी रूढिवादी पठडी सावध असते. ही नवी तशी नव्हती.

आपल्याकडे या पंथाचा खराखुरा भाऊबंद शोधायचा तर तो जनसंघात सापडत नाही. तो मुंबईच्या मिनू मसानींमध्ये सापडतो. 1934 साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभारणाऱ्यांपैकी ते एक. पुढे सोव्हिएत प्रयोगाविषयी भ्रमनिरास झाला आणि 1959 साली राजाजींबरोबर स्वतंत्र पक्षाच्या स्थापनेत ते पुढे होते. अलिप्तता सोडा, पाश्चात्त्य लोकशाही देशांच्या बाजूला उभे राहा, हे त्यांनी आयुष्यभर न कचरता सांगितले. डावीकडून उजवीकडे गेलेला, आणि जाताना तत्त्वाचा कडकपणा बरोबर घेऊन गेलेला असा हा माणूस. वाजपेयींचे तसे नव्हते. मघाशी आपण जो संच मनात धरला, बाँब, इस्रायल, अमेरिका, तो बाहेरून नवरूढिवाद्यांसारखा दिसतो खरा. पण वाजपेयींना बळ हवे होते ते भारताचे वजन वाढावे म्हणून. दुसऱ्याच्या घरात लोकशाही नेऊन बसवण्याची हौस त्यांच्या भाषणांत दिसत नाही. वॉशिंग्टनने साम्य पाहिले आणि हा भेद पाहिला नाही, असे माझे मत आहे.

युद्ध सुरू झाले तेव्हा वाजपेयींनी 'मध्यम मार्ग' धरला. हल्ल्याचे समर्थन नाही, पण अमेरिकेला दुखवायचेही नाही. विरोधकांना ते मानवेना. संसदेने हल्ल्याचा निषेध करावा अशी मागणी काँग्रेस आणि डावे पक्ष करीत होते. त्या वेळी लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर आणि नांदेडचे खासदार भास्करराव पाटील खतगावकर, दोघेही काँग्रेसचे, म्हणजे विरोधी बाकांवर होते. अध्यक्षांच्या आसनावर मनोहर जोशी. ठरावातल्या एका शब्दावरून बरेच दिवस ओढाताण चालली. शेवटी 8 एप्रिल 2003 रोजी लोकसभेने एकमताने ठराव मंजूर केला. हिंदी मसुद्यात शब्द होता 'निंदा'.

या शब्दाशी जरा थांबावे असे मला वाटते. मराठीत निंदा म्हणजे माघारी वाईट बोलणे. शेजारीण शेजारणीची करते ती निंदा. सभेत हात वर करून करतात तो निषेध. हिंदीत तसे नाही. तिथे 'निंदा' हा शब्द सौम्य नापसंतीपासून थेट धिक्कारापर्यंत कुठेही बसतो. विरोधकांनी त्याचा अर्थ धिक्कार असा घेतला. इंग्रजी तर्जुम्यात मात्र त्याला खेद आणि नापसंती यांच्या अधलामधला मवाळ शब्द योजला गेला, तो वॉशिंग्टनने वाचावा म्हणून. एकच ठराव, दोन कानांसाठी दोन स्वर. कुणी याला लबाडी म्हणेल. पण ठरावाचा पुढचा भाग मवाळ नव्हता: लष्करी बळाने दुसऱ्या देशात सत्तापालट करणे मान्य नाही, आणि परकी सैन्ये माघारी जावीत, असे त्यात स्पष्ट होते. नवरूढिवादाच्या मुळावरच ते बोट होते.

आणि अडचणही तिथेच झाली. एप्रिलमध्ये ज्या संसदेने परकी सैन्ये परत जा म्हटले, तिचेच सरकार जूनमध्ये आपले सैन्य तिथे कसे पाठवणार?

तरी पाठवावे असे म्हणणारे होते, आणि ते काही उथळ लोक नव्हते. त्यांचा युक्तिवाद असा: अमेरिकेवर एवढे मोठे ऋण करण्याची संधी पुन्हा येणार नाही. पाकिस्तानच्या बाबतीत ती आपली बाजू घेईल. आखाती मुलखात आपले वजन वाढेल. 22 मेच्या सुरक्षा समितीच्या ठरावाने इतर देशांना मदतीचे आवाहन केलेच आहे, मग संकोच कशाला?

दुसऱ्या बाजूला काय होते ते पाहा. हे सैन्य संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली जाणार नव्हते. हुकूम अमेरिकी सेनापतीचा चालणार होता. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर 2001 पासून दहा महिने आपली फौज पाकिस्तानच्या सरहद्दीवर उभी होती, ती नुकतीच बराकीत परतली होती. श्रीलंकेचा अनुभव जुना नव्हता: 1987 ते 1990 या काळात शांतता राखायला म्हणून गेलेले सुमारे 1200 जवान तिथे कामी आले. आखातात 30 लाखांहून अधिक भारतीय पोटासाठी राहत होते. त्यांत नांदेडचेही किती तरी. इतवाऱ्यात चौकशी करा, दर चार घरांमागे कोणाचा ना कोणाचा भाऊ सौदीला किंवा दुबईला सापडेल. 1990 साली कुवेतवर इराकने हल्ला केला तेव्हा सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना विमानाने परत आणावे लागले होते. शिवाय त्या वर्षाच्या अखेरीस चार मोठ्या राज्यांत निवडणुका होत्या. शवपेट्या घरी येऊ लागल्या तर मत कोण देणार, हा हिशेब कोणी बोलून दाखवला नाही, पण तो केला गेला नसेल असे समजणे भाबडेपणाचे होईल.

वाजपेयींची या काळातली एक हकिकत सांगतात. डाव्या पक्षांचे पुढारी त्यांना भेटायला गेले. त्यांत नागपूरचे अर्धेन्दुभूषण बर्धन होते, जे 1957 साली तिथून विधानसभेवर निवडून आले होते. तुम्ही या युद्धाला विरोध करता म्हणता, मग रस्त्यावर तो ऐकू का येत नाही, अशा अर्थाचे काहीतरी वाजपेयी त्यांना म्हणाले. पंतप्रधानांनीच विरोधकांना जरा मोठ्याने ओरडा म्हणून सुचवावे! परदेशी पाहुण्यांना सांगता यावे की, मला करायचे आहे हो, पण घरचे ऐकत नाहीत. आपल्याकडे स्थळाला नकार देताना मुलीचा बाप चुलत्याचे नाव पुढे करतो, त्यातलाच हा प्रकार. सोनिया गांधींनीही जूनमध्ये पत्र लिहून विरोध कळवला. पंतप्रधानांनी त्यांच्याशी चर्चा केली, मित्रपक्षांशी केली. वेळ जाऊ दिला. दरम्यान जूनच्या अखेरीस ते बीजिंगला गेले आणि तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग आहे, असे मान्य करणाऱ्या घोषणापत्रावर सही करून आले. 1959 साली तिबेटसाठी जनसंघाने किती घसा कोरडा केला होता, ते आठवा.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट दिल्लीला फारशी आठवली नाही, ती मराठी वाचकाला आठवायला हवी. मोसुलची वाट आपल्या लोकांनी पूर्वी तुडवलेली आहे. पहिल्या महायुद्धात, म्हणजे 1914 नंतर, आज ज्याला इराक म्हणतात त्या मेसोपोटेमियात इंग्रजांनी जी फौज उतरवली तिचे नावच सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, कोकणातली ही माणसे तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली आणि कुट या गावी वेढ्यात सापडली. डिसेंबर 1915 पासून जवळजवळ पाच महिने उपासमार काढून 29 एप्रिल 1916 रोजी सेनापती टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे 13 हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. त्यांतली कित्येक वाळवंटातल्या चालीतच संपली. 1918 च्या ऑक्टोबरात मोसुलच्या दक्षिणेला शरकात इथे शेवटची लढाई झाली तिथेही 114 क्रमांकाची मराठा पलटण होती.

नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून आपली माणसे निराळ्या रस्त्याने गेली. निजामाचे हैदराबाद लान्सर्स हे घोडदळ पॅलेस्टाईनच्या मोहिमेत होते. दिल्लीला तीन मूर्ती चौकात जे तीन ब्राँझचे शिपाई उभे आहेत त्यांतला एक हैदराबादचा, बाकीचे जोधपूर आणि म्हैसूरचे. 2018 च्या जानेवारीत इस्रायलचे पंतप्रधान आले तेव्हा त्या चौकाच्या नावाला 'हैफा' जोडले गेले. आता असे पाहा: त्या शिपायांना कोणी विचारले होते? कुटला जायचे की नाही हे सिमल्यात आणि लंडनमध्ये ठरले. निजामाच्या घोडेस्वाराच्या आईने 'ठरवणार कोण' असे विचारले असते, तर तिला उत्तर देण्याची गरजही कोणाला वाटली नसती.

2003 मध्ये निदान एवढे झाले की, 14 जुलैला सुरक्षाविषयक समितीची बैठक झाली आणि परराष्ट्रमंत्री यशवंत सिन्हा यांनी निर्णय देशापुढे सांगितला. सैन्य पाठवणार नाही. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करता येईल. नकार होता, पण दार पूर्ण लावलेले नव्हते. अमेरिका नाराज झाली, मात्र संबंध तुटले नाहीत. पुढच्याच जानेवारीत अणुऊर्जा, अवकाश आणि उच्च तंत्रज्ञानात सहकार्याची नवी पायरी दोन्ही देशांनी जाहीर केली. आणि इस्रायलचे पंतप्रधान शेरॉन त्याच सप्टेंबरात दिल्लीला येऊन गेले. तोवर कोणताच इस्रायली पंतप्रधान इथे अधिकृत भेटीवर आला नव्हता. म्हणजे एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात वाजपेयींनी तिबेटवर जुनी भूमिका सोडली, इस्रायलवर 1977 ची सोडून त्याहून जुनी धरली, आणि इराकवर नेहरूंनी जे केले असते बहुधा तेच केले.

निर्णयाला पाच आठवडे होतात न होतात तोच, 19 ऑगस्टला, बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बाँबहल्ला झाला आणि तिथले प्रमुख प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा दी मेलो ठार झाले. त्यानंतर निळ्या झेंड्याचीही खात्री उरली नाही. 16 ऑक्टोबरला सुरक्षा समितीने इराकमधल्या बहुराष्ट्रीय सैन्याला अधिकार देणारा ठराव केला. जुलैत घातलेली अट काही अंशी पुरी झाली असे म्हणता आले असते. तरीही आपली पलटण गेली नाही. यावरून समजावे की, सांगितलेले कारण खरे होते, पण ते एकटे नव्हते. त्याच मोसुलमधून 2014 च्या जूनमध्ये 39 भारतीय मजुरांना पळवून नेले गेले. ते मारले गेल्याचे मार्च 2018 मध्ये संसदेत सांगण्यात आले. मोसुल हे नाव तोवर आपल्या सर्वांच्या परिचयाचे झाले होते.

भूमिका बदलण्याचा मक्ता एका वाजपेयींकडेच नव्हता, हेही सांगायला हवे. 2003 साली अमेरिकेचा धिक्कार करा म्हणणारी काँग्रेस 2004 नंतर सत्तेवर आली आणि जुलै 2005 मध्ये तिच्या पंतप्रधानांनी त्याच बुशांशी अणुकराराची बोलणी सुरू केली. 22 जुलै 2008 रोजी त्यावरून विश्वासदर्शक ठराव लोकसभेत आला तेव्हा सरकार 275 विरुद्ध 256 मतांनी तरले. विरोधात कोण? डावे तर होतेच. पण अमेरिकेला 'स्वाभाविक मित्र' म्हणणारा भारतीय जनता पक्षही होता. बाके बदलली की कागदही बदलतात. तरी या दोन्ही पक्षांनी सत्तेवर असताना जे केले ते एकाशेजारी एक मांडून पाहिले, तर 1998 ते 2008 ही दहा वर्षे एकाच हाताने लिहिल्यासारखी दिसतात. अमेरिकेच्या जवळ जायचे, पण तिच्या लढाईत उतरायचे नाही. 1992 च्या जानेवारीत इस्रायलशी पूर्ण संबंध जोडणारे नरसिंह रावही याच वाटेचे प्रवासी. हैदराबादच्या लढ्यातले, पुण्या-नागपुरात शिकलेले, रामटेकचे खासदार राहिलेले आणि आपल्याशी अस्खलित मराठीत बोलू शकणारे.

2004 च्या एप्रिल-मे महिन्यांत लोकसभेच्या निवडणुका झाल्या. दिल्लीत वाजपेयींचे सरकार गेले. आमच्याकडे नेमके उलटे: लातूरला शिवराज पाटील रूपाताई पाटील निलंगेकरांकडून हरले, नांदेडला डी. बी. पाटील निवडून आले, दोन्ही जागा भारतीय जनता पक्षाला. मी त्या महिन्यांत लातूरच्या, अहमदपूरच्या पाच-सहा सभा ऐकल्या. पाणी, वीज, कारखाना, सगळे निघाले. इराकचे नाव एकाही वक्त्याने काढले नाही. काढण्यासारखे काही घडलेच नव्हते. तिकडे कोणाचे लेकरू गेले नव्हते. त्या बाई पुन्हा कधी भेटल्या नाहीत. लेक कोणत्या पलटणीत, हेही मी त्या दिवशी विचारले नव्हते.